राजी: 'प्राचीन' खेळातला मध्ययुगीन किल्ला

१/ मीरा रोडपासून जवळच घोडबंदरचा किल्ला आहे. तो पोर्तुगीजांनी बांधला, १७३७ साली मराठ्यांनी जिंकला. किल्ल्याची घडण पाहून त्याचा काळ ओळखता येतो. हीच नजर व्हिडिओ गेमकडे वळवली तर? पुण्यात घडलेल्या 'राजी: ॲन एन्शंट एपिक' या गेमची ही चिकित्सा. #थ्रेड

२/ कल्पनारम्य कथामालेवर बेतलेल्या गेमचे ठळक उदाहरण पोलंडमधले. आंद्रझेय सापकोव्स्की यांच्या कथा-कादंबऱ्यांवरून 'द विचर' (२००७) साकारला. तेथे एका लेखकाचे जग हाताशी होते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने आधार घेतला तो शतकानुशतके वाढत गेलेल्या पुराणकथांचा.

३/ कसरती करणारी राजी, असुरांनी पळवून नेलेला तिचा भाऊ गोलू आणि दुर्गेचा त्रिशूळ, अशी ही कथा. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून निधी उभारण्याचा प्रयत्न फसला. तरीही २०२० मध्ये गेम प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकन मिळाले.

४/ पहिले बलस्थान कथनाचे. भिंतीवरील चित्रांतून पुराणकथा उलगडतात, तर राजीची कथा छायाबाहुल्या पुढे नेतात. कुडाळजवळच्या पिंगुळीतील ठाकर कलावंतांची चित्रकथी आणि चामड्याच्या बाहुल्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ही रीत परकी वाटणार नाही.

५/ दुसरे बलस्थान वास्तूचे. राजस्थानी किल्ल्यांवर बेतलेली ही नगरी नुसती पार्श्वभूमी नाही. राजी भिंतींवरून धावते, खांबाभोवती गिरकी घेऊन वार करते.

६/ उणिवाही स्पष्ट आहेत. लढायांत तोचतोपणा येतो, खेळ काही तासांतच संपतो आणि शेवट अर्धवट वाटतो. पात्रे आरंभी इंग्रजीतच बोलत. हिंदी संवाद आले ते २०२२ च्या सुधारित आवृत्तीत.

७/ इतिहासाच्या अभ्यासकाला खटकते ते नावातील 'प्राचीन' हे विशेषण. महिषासुरवधाची कथा सांगणारे 'देवीमाहात्म्य' साधारणपणे पाचव्या-सहाव्या शतकातले मानले जाते. झरोके आणि छत्र्यांची राजपूत वास्तू त्यानंतर कित्येक शतकांनी बहरली. गेमची रंगशैली ज्या पहाडी चित्रांवरून घेतली, ती सतराव्या ते एकोणिसाव्या शतकांतली. हजार वर्षांचे अंतर एकाच चौकटीत मिटून जाते.

८/ मात्र ही सरमिसळ हाच दोष म्हणता येणार नाही. अठराव्या शतकात गुलेरच्या चित्रकारांनी 'देवीमाहात्म्य' चितारले, तेव्हा त्यांनीही जुन्या कथेला आपल्या काळाचे रूप दिले. निर्मात्यांनीही राजस्थानची वास्तू मध्ययुगीन असल्याचे स्वतःच नमूद केले आहे. चूक घडते ती खेळणाऱ्याने हे सारे 'प्राचीन भारत' म्हणून मनात साठवल्यास.

९/ अनेक मुलांची भूतकाळाशी पहिली भेट आता पडद्यावरच होते. म्हणून 'राजी' अवश्य खेळावा. मात्र खेळताना प्रत्येक भिंतीला तिचे वय विचारावे, घोडबंदरच्या तटाला विचारतो तसेच. (समाप्त)