मैदानावरचा निम्मा वाटा

१९४५ साली जळगावात मूळजी जेठा व अमळनेरात प्रताप महाविद्यालय निघाले. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावला विद्यापीठही झाले. वर्ग मुलामुलींना खुले झाले, मैदानाचे काय?

आम्ही कामगार चळवळीतली माणसे. दाखला कारखान्यातलाच देतो. पहिल्या महायुद्धात इंग्लंडातील प्रेस्टन गावी डिक-कर कारखान्यात दारूगोळा बनविणाऱ्या बायकांनी फुटबॉलचा संघ उभारला. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलला त्यांचा सामना पाहण्यास सुमारे ५३,००० लोक लोटले. वर्ष उलटण्याआधीच, ५ डिसेंबर १९२१ रोजी, तेथील फुटबॉल संघटनेने हा खेळ स्त्रियांस अयोग्य ठरवून आपल्या क्लबांची मैदाने त्यांना बंद केली. ती बंदी जवळजवळ पन्नास वर्षे टिकली.

तोफगोळे घडविताना समर्थ असलेले शरीर चेंडूपुढे नाजूक कसे ठरले? आमच्या धुळे-जळगावकडे दिवसभर उन्हात कापूस वेचणाऱ्या बाईला कोणी नाजूक म्हणत नाही. तिची मुलगी कॉलेजात खेळू लागली की मात्र म्हणतात. खेळ म्हणजे कामाबाहेरचा हक्काचा वेळ. आठ तासांच्या लढ्यात कामगारांनी तोच मागितला. म्हणून लहान कॉलेजात मैदान एकच असले, तरी त्याची वेळ दोन्ही संघांना सारखी वाटावी. संघ मागाहून उभा राहतो. आधी मैदान मिळावे लागते.