झाडावरचे पांढरे लांडगे

गेल्या महिन्यात बचत गटाची बैठक होती. हप्ते गोळा झाले आणि एक ताई म्हणाली, स्वप्नात नाग येतोय. लगेच दुसरी म्हणाली, कुळाचार राहिलाय. तिसरीने शांतीचा खर्चही सांगून टाकला. त्या ताईने तिथेच अंतर्गत कर्ज मागितलं. आम्ही तिला म्हटलं, थोडं थांब.

मानसशास्त्राच्या इतिहासात असंच एक स्वप्न फार गाजलं. रशियातल्या मोठ्या जमीनदाराचा मुलगा सर्गेई पान्केयेव्ह चारेक वर्षांचा असताना त्याला दिसलं, की थंडीच्या रात्री खिडकी आपोआप उघडली आणि समोरच्या अक्रोडाच्या झाडावर सहा-सात पांढरे लांडगे बसून त्याच्याकडे टक लावून बघतायत. तो किंचाळत उठला.

१९१० मध्ये, आजारी तरुण म्हणून, तो व्हिएन्नात डॉ. सिग्मंड फ्रॉइड यांच्याकडे गेला. उपचार चार वर्षं चालले. लांडगा म्हणजे अमुकच, असं फ्रॉइडनी पुस्तकात बघून सांगितलं नाही. विचारलं, लांडग्यावरून तुला काय आठवतं? मग एकेक निघालं. बहीण पुस्तकातला उभा लांडगा दाखवून घाबरवायची. आजोबा शेपूट तुटलेल्या लांडग्याची गोष्ट सांगायचे. आणि पांढरा रंग? वडिलांच्या मेंढ्यांचा. त्या कळपात रोग आला, लस टोचली, तर उलट जास्तच मेंढ्या मेल्या. लहान पोराने हे सगळं ऐकलं-पाहिलं होतं.

फ्रॉइडनी १९१८ मध्ये हे छापलं. लांडग्याआड वडिलांची भीती आहे, आणि त्याहून लहान असताना आईवडिलांच्या खोलीत पाहिलेलं काही आहे, असं त्यांचं म्हणणं. पण म्हातारपणी पान्केयेव्हच म्हणाला, मी तर दाईच्या खोलीत झोपायचो! आम्हाला विचाराल तर ज्याचं स्वप्न, त्याचं आधी ऐकावं. फ्रॉइडपासून वेगळे झालेले कार्ल युंग म्हणत, स्वप्नातलं जनावर बहुतेक वेळा आपल्याच आतली दाबलेली ओढ असते.

या बैठकीत आम्ही त्या ताईला विचारलं, नागावरून काय आठवतं? ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, सरपणातून निघाला होता एकदा, पोरगा थोडक्यात वाचला. तोच पोरगा आता पुण्याला कामाला आहे, पंधरा दिवस फोन नाही.

कर्जाचा अर्ज अजून वहीत आहे. फोन मात्र आम्ही बैठकीतूनच लावला.