आरोग्यासाठी प्रवास : थेऊर ते मद्रास

ग्रामस्थांच्या श्रमदानाने व देणगीदारांच्या उदार हस्ते श्रींच्या मंदिराचा जीर्णोद्धार पूर्णत्वास गेला, ही सर्वांस समाधानाची गोष्ट आहे. जुन्या ओवरीत पूर्वापार परगावचे आजारी लोक आठ-पंधरा दिवस मुक्कामास येत. मोकळी हवा, विहिरीचे पाणी आणि देवाचा आधार एवढीच त्यांची अपेक्षा असे. या प्रथेमागचा इतिहास थोडक्यात सांगावा म्हणून हा लेखनप्रपंच.

आजारपणात देवापाशी जाऊन राहिल्याचे ठळक उदाहरण थोरल्या माधवराव पेशव्यांचे. पानिपतच्या पराभवानंतर १७६१ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी त्यांनी कारभार हाती घेतला व राज्याची घडी पुन्हा बसविली. परंतु राजयक्ष्म्याने, म्हणजे क्षयाने, त्यांचे शरीर पोखरले. श्रीचिंतामणीवर त्यांची अपार श्रद्धा. अखेरच्या दिवसांत ते पुण्याजवळच्या थेऊरास जाऊन राहिले आणि १८ नोव्हेंबर १७७२ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. वय अवघे सत्तावीस. पेशव्यांच्या घरी पैशाची वा वैद्यांची वानवा नव्हती. या रोगावर औषधच नव्हते.

पुढे इंग्रजी अंमलात हवापालटाची चाल पडली. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२८ च्या सुमारास महाबळेश्वरी आजारी गोऱ्या लोकांसाठी आरोग्यस्थान वसविण्यास आरंभ केला. कृष्णेच्या उगमाचे हे क्षेत्र आपल्या लोकांस फार पूर्वीपासून ठाऊक होते. १८८२ साली जर्मनीत रॉबर्ट कॉक यांनी क्षयाचा जंतू शोधून काढला, परंतु त्याला मारणारे औषध सापडले नाही. म्हणून कोरडी हवा, विश्रांती व सकस आहार हाच उपचार राहिला. पाचगणीस १९१२ साली डॉ. बिलिमोरिया यांनी बेल एअर आरोग्यधाम काढले. मिरजेजवळ वानलेसवाडीसही क्षयरोग्यांची सोय झाली. पण ज्याचे पोट रोजच्या मजुरीवर, त्याने महिनोन्‌महिने आरोग्यधामात राहावे कसे? खाटाही मोजक्याच होत्या. गरिबाला उरली ती देवळाची ओवरी.

१९४३ साली अमेरिकेत स्ट्रेप्टोमायसिन या औषधाचा शोध लागला व त्यानंतर गोळ्याही निघाल्या. तरी आरोग्यधामाशिवाय गुण यायचा नाही, हा समज कायम होता. त्याचा निकाल आपल्याच देशात लागला. मद्रास, म्हणजे आताचे चेन्नई, येथे १९५६ साली क्षयरोग औषधोपचार केंद्र सुरू झाले. तेथे गरीब वस्तीतील रोग्यांचे दोन गट केले. एकास आरोग्यधामात ठेवले, दुसऱ्यास घरीच. औषधे दोघांस सारखीच. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन्ही गटांस जवळजवळ सारखाच गुण आला होता. घरी दाटीवाटी आणि साधे अन्न असूनही रोगी बरे झाले, आणि त्यांच्या घरच्यांस लागण जास्त झाली असेही आढळले नाही. पुढे जगभर क्षयाची आरोग्यधामे ओस पडत गेली.

या इतिहासाचा बोध सरळ आहे. हवेने मन प्रसन्न होते, देवदर्शनाने धीर येतो, परंतु जंतू मरतो तो औषधानेच. आज सरकारी दवाखान्यात क्षयाची तपासणी व औषधे विनामूल्य मिळतात. नेहमीच्या क्षयास किमान सहा महिने औषध घ्यावे लागते. बरे वाटले म्हणून मध्येच सोडले, तर जंतू त्या औषधास दाद देईनासे होतात.

म्हणून नम्र विनंती अशी की, दोन आठवड्यांहून अधिक खोकला असणाऱ्याने आधी तपासणी करून घ्यावी, मग ओवरीत मुक्कामास यावे. हा रोग खोकल्यावाटे हवेतून पसरतो. भजनास शेजारी बसलेल्या लेकराबाळांचा विचार आपणच करावयाचा आहे. कोणी रोगी आढळल्यास त्यास दूर लोटू नये, दवाखान्यापर्यंत सोबत करावी. तीही देवाचीच सेवा आहे.

जे औषध पेशव्यांस लाभले नाही, ते आज गावातील मजुरासही मिळते. नवस जरूर बोलावा, आणि गोळ्याही शेवटपर्यंत घ्याव्यात. श्रींच्या नव्या सभामंडपात सर्वांस निरोगी देहाने दर्शन घडो, हीच श्रीचरणी प्रार्थना.