वस्तरा, लेप आणि मेण

मनुष्याच्या अंगावरील केस ही वस्तु दिसावयास क्षुल्लक. तिचा इतिहास मात्र क्षुल्लक नाहीं. केस कोणीं राखावे, कोणीं काढावे, कोणाच्या हातून काढवून घ्यावे आणि कोणाच्या आज्ञेनें, या प्रश्नांवर धर्मशास्त्र बोललें आहे, वैद्यक बोललें आहे, व्यापारानें पैसा मिळविला आहे. आणि मुंबईंत तर एके काळीं त्यावरून संपाचा ठराव झाला आहे. आज शहरांत गल्लोगल्लीं ‘ब्यूटी पार्लर’च्या पाट्या दिसतात. तेथें हातापायांचें ‘वॅक्सिंग’ होतें, आणि अलीकडे शरीराच्या झांकलेल्या भागांचीहि निगा राखली जाते. हा सर्व प्रकार परदेशांतून काल-परवां आला, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे.

वात्स्यायनाच्या कामसूत्रांत नागरकाची दिनचर्या दिलेली आहे. स्नान रोज, अंग चोळणें एक दिवसाआड, फेस आणणाऱ्या पदार्थानें धुणें तिसऱ्या दिवशीं, दाढी चौथ्या दिवशीं, आणि गुप्त भागांवरील केस काढणें पांचव्या किंवा दहाव्या दिवशीं, असा तो क्रम आहे. ज्या गोष्टीचें नांव काढतांना आज घरांतील माणसें एकमेकांकडे पाहूं लागतात, ती सूत्रकारानें निःसंकोचपणें स्नानाच्या पंक्तीला बसविली आहे.

वैद्यकाची दृष्टि याहून निराळी. सुश्रुतानें व्रणचिकित्सेचे साठ उपक्रम सांगितले; त्यांत केस काढणें हा एक आहे. केसाळ जागेवरची जखम नीट भरून येत नाहीं, हें त्याचें कारण. त्यासाठीं वस्तरा, कातर व चिमटा हीं साधनें तो देतो आणि एक लेपहि सांगतो. शंखाचें चूर्ण दोन भाग व हरताळ एक भाग, आंबवलेल्या द्रवांत वाटून लावावा, म्हणजे केस झडतात. तुर्कस्तानांतील हमामखान्यांत ‘रुस्मा’ नांवाचा लेप वापरीत. त्यांतहि चुनकळी आणि हरताळ हेच मुख्य घटक होते. चुना व हरताळ एकत्र आले म्हणजे गंधकाचा तीव्र क्षार तयार होतो आणि तो केसांतील कठीण द्रव्य विरघळवितो. आजच्या केस काढण्याच्या मलमांत द्रव्यें निराळीं, परंतु तत्त्व बरेंचसें हेंच. हरताळ मात्र सोमलाचा, म्हणजे आर्सेनिकचा, क्षार आहे. घरीं प्रयोग करण्याजोगी ती वस्तु नव्हे.

ठाणें जिल्ह्यांतील मुरबाड तालुक्यांत धसई हें बाजारगांव आहे. याच तालुक्यांतून नाणेघाटाची प्राचीन वाट वर चढते. घाटमाथ्यावर सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख कोरलेला आहे, आणि जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजणहि तेथें आहे. जुन्नरचा माल याच वाटेनें कल्याण व सोपारा या बंदरांकडे उतरे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथांत कल्याणचें नांव आढळतें. त्याच ग्रंथांत भडोच येथें मनशीळ व सुगंधी लेप, आणि मलबारच्या किनाऱ्यावर मनशीळ व हरताळ समुद्रमार्गें येत असल्याची नोंद आहे. हीं खनिजें रंगालाहि लागत आणि औषधालाहि. शृंगाराचें सामान परमुलुखांतून येणें ही कांहीं विसाव्या शतकाची नवलाई नव्हे.

धर्मानुसार या क्रियेचा अर्थ पालटतो. जैन साधु-साध्वी हातानें केस उपटून केशलोच करतात. तें त्यांनीं स्वेच्छेनें पत्करलेलें तप आहे. इस्लामच्या परंपरेंत काखेंतील व गुप्त भागांवरील केस काढणें ही शुचितेची रीत मानली असून चाळीस दिवसांहून अधिक काळ जाऊं देऊं नये, असा दंडक आहे. कल्याण-भिवंडीकडील कोंकणी मुसलमान घराण्यांत तो परका नाहीं. हिंदु घरांत बाळाच्या अंगावरील लव जावी म्हणून डाळीच्या पिठाचा गोळा दुधा-सायींत भिजवून फिरवीत. दिवाळीचें उटणें, हळद आणि मसुरीचें पीठ यांचा संबंध त्वचेशींच होता. हें सर्व आईच्या, आजीच्या हातून, घराच्या आंत होई. त्याला विद्या असें कोणी म्हटलें नाहीं, इतकेंच.

घराबाहेर हें काम बारा बलुतेदारांपैकीं न्हाव्याकडे होतें. सालाअखेर धान्याच्या रूपानें बलुतें घेऊन तो गांवाची हजामत करी. परंतु या वस्तऱ्याला एक भयंकर कामहि लावून दिलेलें होतें, तें विधवांच्या केशवपनाचें. मुख्यतः ब्राह्मणांत आणि त्यांचें अनुकरण करणाऱ्या कांहीं वरिष्ठ जातींत ही रूढि होती. मुरबाड-शहापूरकडील ठाकर, कातकरी, महादेव कोळी इत्यादि समाजांत तिला थारा नव्हता. तेथें विधवेला पुन्हां संसार मांडण्याची मोकळीक होती. पांढरपेशा घरांत मात्र दहा-बारा वर्षांच्या मुलीवरहि हा प्रसंग येई. एकदां डोकें भादरून भागत नसे; वस्तरा दर कांहीं दिवसांनीं पुन्हां दारीं येई, आणि तो मरेपर्यंत येत राही.

१८५६ च्या कायद्यानें विधवेस पुनर्विवाहाची मुभा दिली. तिचे केस मात्र कायद्याच्या कक्षेंत आले नाहींत. आगरकरांनीं ‘सुधारकां’तून या रूढीवर प्रहार केले. हरि नारायण आपटे यांनीं ‘पण लक्षांत कोण घेतो’ या कादंबरींत यमूच्या बळजबरीच्या केशवपनाचें चित्र काढून वाचकांस अस्वस्थ केलें. हे सर्व सुधारक लेखणीचे धनी होते. प्रत्यक्ष वस्तरा ज्याच्या हातांत होता, त्या न्हाव्याला कोणीं विचारलें?

तें काम सत्यशोधकांनीं केलें. महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ चा, ठाण्याचा. गिरणी कामगारांचे पुढारी आणि ‘दीनबंधु’चे संपादक म्हणून ते प्रसिद्ध आहेत, कामगारांना १८९० सालीं रविवारची सुटी मिळाली, ती त्यांच्याच चळवळीनें. त्याच १८९० सालीं त्यांच्या प्रेरणेनें मुंबईंतील न्हाव्यांची सभा भरली आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवावयाचा नाहीं, असा निश्चय झाला. मराठींत हरताळ शब्दाचे दोन अर्थ आहेत. पोथींतील चुकीचें अक्षर झांकण्यासाठीं जो फासतात तो हरताळ खनिज आहे. दुकानें बंद ठेवून जो पाळतात तो हरताळ हाटाला ठोकलेल्या टाळ्यावरून आला. पहिल्या हरताळानें केस झडत. दुसऱ्यानें ते वांचविण्याचा प्रयत्न झाला.

या निश्चयाचें मोल समजून घेतलें पाहिजे. न्हावी हा गरीब माणूस. वरिष्ठ जातीचें गिऱ्हाईक दुखविणें त्याला परवडणारें नव्हतें. शिवाय हें काम पाप आहे असें त्याला कोणत्याच शास्त्रीबुवांनीं सांगितलेलें नव्हतें. तरीहि रडत्या मुलीसमोर बसून वस्तरा चालविणें हें आपल्या धंद्याचें भूषण नव्हे, असें त्या मंडळींनीं ठरविलें. रूढि त्या एका सभेनें संपली नाहीं; विसाव्या शतकांतहि ती पुष्कळ वर्षें रेंगाळली. परंतु ज्याच्या अंगाला हात लावावयाचा त्याची इच्छा पाहिली पाहिजे, हें तत्त्व त्या दिवशीं एका कसबी वर्गानें आपण होऊन मान्य केलें.

पश्चिमेकडे पुढें निराळाच प्रकार घडला. बिनबाह्यांच्या पोषाखांची चाल आली, आणि १९१५ सालीं जिलेट कंपनीनें स्त्रियांसाठीं खास वस्तरा बाजारांत आणला. स्त्रीच्या काखेंतील केस ही लाजेची गोष्ट आहे असें जाहिरातींनीं शिकविलें, आणि त्या लाजेवर धंदे उभे राहिले. अमेरिकेंत १९२० नंतरच्या दशकांत क्ष-किरणांनीं केस घालविण्याचीं दुकानें निघालीं. तेथें गेलेल्या कित्येक स्त्रियांना पुढें त्वचेचे व्रण व कर्करोग भोगावे लागले. ‘कोरेमलू’ नांवाच्या मलमांत थॅलियम हें विष होतें. तें लावणाऱ्यांचे डोक्याचे केस गळाले, पाय लुळे पडले, आणि १९३२ मध्यें त्या कंपनीचें दिवाळें निघालें. अशा अनर्थांमुळेंच १९३८ च्या अमेरिकन कायद्यानें सौंदर्यप्रसाधनें सरकारी नियंत्रणाखालीं आणलीं. आपल्याकडे १९४० च्या औषधविषयक कायद्यांत प्रसाधनांचा समावेश १९६२ च्या दुरुस्तीनें झाला.

या सर्वांच्या मानानें मेणाची किंवा साखरेची रीत सौम्य म्हणावी लागेल. साखर, लिंबाचा रस व पाणी आटवून केलेला चिकट पाक पश्चिम आशियांतील स्त्रिया फार पूर्वींपासून वापरीत आल्या आहेत. हल्लींचें वॅक्सिंग त्याचेंच भावंड. कोमट मेण केसांच्या वाढीच्या दिशेनें पसरतात, त्यावर कापडाची पट्टी दाबतात, आणि ती त्वचेलगत उलट दिशेनें झटकन ओढतात. केस मुळापासून निघतो, म्हणून पुन्हां दिसावयास तीन ते सहा आठवडे लागतात. गुप्त भागांचें संपूर्ण वॅक्सिंग रूढ होण्यास १९८७ सालीं न्यूयॉर्कमध्यें सात ब्राझिली बहिणींनीं काढलेलें दुकान मोठें कारण झालें.

प्रथमच जाणाऱ्या स्त्रीला कांहीं गोष्टी ठाऊक असाव्या. केस सुमारें पाव इंच वाढलेले असावे. मेण आधीं मनगटावर लावून त्याची ऊब पाहावी. एकदां मेणांत बुडविलेली पट्टी अंगाला लावून पुन्हां भांड्यांत बुडवूं नये, कारण त्यानें एकीचा संसर्ग दुसरीला होतो. जखम, पुरळ, फुगलेल्या शिरा असतील तेथें मेण लावूं नये. मधुमेह असेल किंवा मुरुमांवरचीं कांहीं औषधें चालूं असतील तर आधीं डॉक्टरांस विचारावें. झांकलेल्या भागांची त्वचा नाजूक असते, आणि तेथील केस घर्षणापासून तिचें रक्षण करतात. ते काढलेच पाहिजेत असें वैद्यक सांगत नाहीं. त्वचा गोरी करण्याचीं मलमें तर तेथें मुळींच नकोत. अशा कांहीं मलमांत पारा किंवा स्टेरॉइड आढळलेलें आहे.

आज ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांतून ब्यूटी पार्लरचें शिक्षण मिळतें, आणि धसईसारख्या बाजारगांवांतल्या मुलीलाहि हा धंदा पोटाला उपयोगी पडण्यासारखा आहे. स्वच्छता व कसब यांचे धडे तिला तेथें मिळतील. त्यांच्या जोडीला १८९० च्या न्हाव्यांची हकीकतहि तिला कोणीं सांगावी. सासरच्या कोणाच्या धाकानें किंवा वरपक्षाच्या मागणीवरून एकादी मुलगी खुर्चींत येऊन बसली आणि तिच्या चेहऱ्यावर नकार दिसला, तर मेणाचें भांडें बाजूला ठेवून तिची इच्छा आधीं विचारणें हें त्या धंद्याचेंच काम आहे.