तळटीप : ‘नरसिंगचं झालं तसं’

३. केळापूरच्या (ता. केळापूर, जि. यवतमाळ, तालुक्याचं ठाणं पांढरकवडा) पैलवानांच्या गप्पांत लेखक एवढंच म्हणून पुढे जातो. संदर्भ नरसिंग यादव यांचा. २०११पासून सलग तीनदा महाराष्ट्र केसरी, आणि २०१५च्या लास वेगास जागतिक स्पर्धेत ७४ किलो फ्रीस्टाइल गटात कांस्यपदक. त्याच पदकाने भारताला रिओ ऑलिंपिकची जागा मिळवून दिली. त्याच गटातले पैलवान सुशील कुमार यांनी निवड चाचणी मागितली, ती दिल्ली उच्च न्यायालयाने जून २०१६मध्ये नाकारली. पुढच्याच महिन्यात नरसिंग यांच्या लघवीच्या नमुन्यात मेटॅन्डिएनोन हे स्नायू वाढवणारं स्टेरॉइड सापडल्याचं जाहीर झालं. सोनीपतच्या शिबिरात कुणीतरी खाण्यापिण्यात ते मिसळलं, हा त्यांचा बचाव. ‘नाडा’ या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेने तो मान्य केला, पण ‘वाडा’ ही जागतिक संस्था क्रीडा लवादाकडे गेली आणि लढतीच्या आदल्या दिवशी, १८ ऑगस्टला, चार वर्षांची बंदी आली.

लेखकाच्या ‘झालं’ या क्रियापदात निकाल दडलेला आहे: पोराला फसवलं. लवादाला मात्र घातपाताचा पुरावा पुरेसा वाटला नाही. अमेरिकी बेसबॉलमधल्या बॅरी बॉन्ड्सची गोष्ट उलटी. ७६२ होमरनचा विक्रम, स्टेरॉइडसाठी एकदाही बंदी नाही, तरी संशयापोटी मतदार पत्रकारांनी दहा वर्षं ‘हॉल ऑफ फेम’चं दार उघडलं नाही, २०२२मध्ये त्या यादीतली मुदतही संपली. नरसिंग यांच्या केसरी गदा मात्र कुणी परत मागितल्या नाहीत.  – संपा.