स्वप्नात मिळालेला अधिकार

बेंगळुरूच्या जयनगरपासून निमहान्स ही संस्था अगदी जवळ आहे. म्हैसूर संस्थानाचे जुने मनोरुग्णालय आणि १९५४ साली सुरू झालेली अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था यांच्या एकत्रीकरणातून १९७४ साली ती उभी राहिली. तेथील चेताशरीरक्रियाशास्त्र विभागात निजलेल्या माणसांच्या मेंदूतील विद्युतलहरी, डोळ्यांच्या हालचाली आणि स्नायूंचा ताण रात्रभर नोंदवला जातो. विपश्यनेचा दीर्घ सराव असलेल्या साधकांच्या झोपेचा येथे झालेला अभ्यास विशेष लक्षणीय आहे. वय वाढते तशी गाढ झोप कमी होत जाते. या साधकांत ती घट फारशी दिसली नाही आणि ज्या अवस्थेत ठळक, विलक्षण स्वप्ने पडतात त्या रेम निद्रेचे प्रमाणही त्यांच्यात अधिक आढळले.

रेम निद्रेचा शोध १९५३ सालचा. शिकागो येथे युजीन ॲसेरिन्स्की आणि नेथॅनिएल क्लाइटमन यांना झोपेत ठरावीक काळाने डोळे मिटल्या पापण्यांआड वेगाने हलताना दिसले आणि त्या वेळी जागे केलेल्यांपैकी बहुतेकांनी आपण स्वप्न पाहत होतो असे सांगितले. तेव्हापासून माणसाला स्वप्न पडत असावे, एवढे यंत्राला बऱ्यापैकी सांगता येते. स्वप्नात काय होते, हे मात्र आजही जागा झालेला माणूस सांगेल तेच खरे. स्वप्नाच्या इतिहासाचे सारे साहित्य असे सांगोवांगीचे आहे. म्हणून कोणी, कधी आणि कशासाठी सांगितले याला त्यात फार महत्त्व येते.

मराठीतील सर्वांत प्रसिद्ध साक्ष देहूची आहे. १६३८ नंतर बेंगळुरू शहाजीराजांच्या जहागिरीत आले, त्या सुमारास तुकोबा देहूत अभंगरचना करीत होते. १६३० च्या आसपासच्या भीषण दुष्काळाने त्यांचा व्यापार बुडाला होता, पहिली पत्नी अन्नान्न करीत गेली होती. या काळातील दोन स्वप्ने त्यांनी स्वतःच्या अभंगांत नोंदवली आहेत. एका स्वप्नात नामदेव पांडुरंगाला बरोबर घेऊन येतात आणि वायफळ बोलणे सोडून कवित्व कर, अशी आज्ञा देतात. नामदेवांनी शतकोटी अभंगांचा संकल्प केला होता; तो अपुरा राहिला, उरलेली संख्या तुकोबांनी पुरी करायची. नामदेव तेव्हा जाऊन सुमारे तीन शतके लोटली होती.

दुसऱ्या स्वप्नात बाबाजी नावाचे गुरू वाटेत भेटतात, मस्तकावर हात ठेवतात, मंत्र देतात. माघ शुद्ध दशमी, गुरुवार, अशी तिथी-वारासह नोंद तुकोबांनी केली आहे. आणि त्याच नोंदीत एक गमतीचा तपशील आहे: गुरूंनी भोजनासाठी पावशेर तूप मागितले आणि स्वप्नात आपल्याला त्याचा विसर पडला. आयुष्याला वळण देणाऱ्या दीक्षेच्या प्रसंगात पावशेर तूप! रचून सांगणाऱ्याने हा तपशील बहुधा गाळला असता. थोर आणि क्षुल्लक एकाच पंक्तीला बसवणे आणि ऐन वेळी काहीतरी विसरणे, ही खऱ्या स्वप्नांची खूण ज्याने त्याने अनुभवलेली आहे.

या स्वप्नांनी तुकोबांना काय दिले? शब्द दिले असे म्हणता येणार नाही. नामदेवांचे अभंग, ज्ञानेश्वरी, एकनाथ यांचे पाठांतर त्यांनी जागेपणी, कष्टाने केले होते आणि तसे सांगितलेही आहे. त्यांच्याकडे नव्हता तो अधिकार. स्वतःला शूद्र, कुणबी म्हणवणाऱ्या माणसाने धर्मार्थ सांगणारे कवित्व करावे, हे त्या काळच्या शास्त्रव्यवस्थेला मान्य नव्हते. वाघोलीच्या रामेश्वरभटांचा विरोध आणि इंद्रायणीत बुडवलेल्या वह्या ही त्याच वादाची परिणती. जागेपणी कोणी देऊ शकत नव्हते ते अनुमतिपत्र स्वप्नात मिळाले आणि त्यावर सही होती खुद्द पांडुरंगाची. आज गाथेत सुमारे साडेचार हजार अभंग आहेत.

बहिणाबाईंच्या बाबतीत हे आणखी उघड दिसते. वेरूळजवळच्या देवगावात १६२८ साली जन्मलेली ही ब्राह्मण मुलगी पतीबरोबर कोल्हापुरास आली. तेथे जयरामस्वामींच्या कीर्तनांत तिने तुकोबांचे अभंग ऐकले आणि कित्येक दिवस त्यांचाच ध्यास घेतला. मग स्वप्नात तुकोबा आले आणि त्यांनी उपदेश केला. ज्याला तिने प्रत्यक्ष पाहिलेही नव्हते असा शूद्र गुरू ब्राह्मण स्त्रीने करावा, हे तिच्या पतीला असह्य झाले. त्याने तिला मारहाण केली. पुढे हे कुटुंब देहूला गेले. तिने स्वतःच्या आयुष्याची हकीगत अभंगांत लिहिली, म्हणून हे सारे आपल्याला ठाऊक आहे. दिवसा मनात घोळत राहिलेले रात्री रूप धारण करते, एवढे आजचा कोणताही निद्रासंशोधक मान्य करील. त्या रूपाने एका स्त्रीला गुरू निवडण्याचे बळ दिले, हा भाग मात्र प्रयोगशाळेच्या आलेखावर उमटत नाही.

विज्ञानाच्या इतिहासात या विषयावर नेहमी पहिले नाव येते ते केकुले यांचे. स्वतःची शेपटी तोंडात धरलेला साप पेंगेत दिसला आणि बेन्झीनच्या वलयाची रचना सुचली, ही कथा पाठ्यपुस्तकांनी अजरामर केली. पण बेन्झीनविषयीचा निबंध १८६५ चा आणि सापाची जाहीर कथा १८९० च्या बर्लिनमधील सत्कारसमारंभातली. पंचवीस वर्षांनंतर सांगितलेल्या आठवणीवर कितपत विसंबावे, हे ज्याचे त्याने ठरवावे. त्याच भाषणात केकुले यांनी असेही बजावले होते की जागृत बुद्धीने पारखून घेतल्याखेरीज स्वप्ने प्रसिद्ध करू नयेत. तो भाग पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही.

ऑटो लोवी यांची गोष्ट यापेक्षा भक्कम आहे. ग्राझ येथे काम करणारे लोवी ईस्टरच्या सुमारास एका रात्री जागे झाले, कागदाच्या चिटोऱ्यावर काही खरडले आणि पुन्हा झोपले. सकाळी ते अक्षर त्यांना स्वतःलाच लागेना. पुढच्या रात्री तीनच्या सुमारास कल्पना परत आली. या वेळी ते तडक प्रयोगशाळेत गेले. बेडकाची दोन हृदये घेतली. एकाची वेगस चेता उद्दीपित केली, त्याचे ठोके मंदावले. त्याभोवतीचा द्राव दुसऱ्या हृदयाला दिला. चेतेचा स्पर्शही नसताना तेही मंदावले. चेतांचा संदेश रासायनिक पदार्थ वाहून नेतो, हे सिद्ध झाले. हा पदार्थ पुढे ॲसिटिलकोलीन म्हणून ओळखला गेला आणि १९३६ चे नोबेल पारितोषिक लोवी यांना हेन्री डेल यांच्यासह मिळाले. मूळ कल्पना मात्र त्यांना १९०३ मध्येच, एका सहकाऱ्याशी बोलताना सुचली होती. सुमारे सतरा वर्षे ती कोठेतरी पडून राहिली. स्वप्नाने तिला बाहेर काढले आणि पहाटेच्या प्रयोगाने खरी ठरवली.

रामानुजन यांच्याकडे वळले की या दोन्ही धारा एकत्र येतात. नामक्कलची नामगिरी देवी आपल्याला सूत्रे देते, असे ते म्हणत. कागद महाग, म्हणून आकडेमोड पाटीवर करायची, कोपराने पुसायची आणि वहीत फक्त निष्कर्ष उतरवायचा, ही त्यांची रीत. त्यामुळे सूत्रे कोठून अवतरली हे गूढ अधिकच गडद झाले. त्यांच्या वह्यांतील तीन हजारांहून अधिक निष्कर्ष तपासण्याचे काम ब्रूस बर्न्ट यांनी केले; १९८५ ते १९९८ दरम्यान त्याचे पाच खंड निघाले. बहुतांश निष्कर्ष बरोबर ठरले. मात्र हार्डी यांना लिहिलेल्या पहिल्या पत्रातील मूळ संख्यांविषयीचा दावा चुकीचा होता. सूत्र देवीने दिलेले असो वा नसो, सिद्धता सर्वांनाच द्यावी लागते.

पण रामानुजन यांच्या चरित्रातील सर्वांत निर्णायक स्वप्न त्यांचे नव्हतेच. १९१३ मध्ये केंब्रिजला येण्याची सूचना आली तेव्हा त्यांनी नकार दिला. समुद्र ओलांडला तर सनातनी ब्राह्मणाची जात जाई. १९१४ च्या आरंभी गणिती नेव्हिल मद्रासला आले, तेव्हा चित्र पालटले होते. नेव्हिल यांनी पुढे सांगितलेल्या हकिगतीनुसार, आई कोमलताम्मल यांना स्वप्न पडले: मुलगा युरोपियन लोकांच्या मेळ्यात बसलेला आहे आणि नामगिरी देवी त्यांना, मुलाच्या वाटेत आड येऊ नकोस, असे बजावते आहे. १७ मार्च १९१४ रोजी रामानुजन जहाजावर चढले. या स्वप्नात एकही सूत्र नव्हते. जी बंदी मोडायला घरातला कोणी माणूस धजत नव्हता, ती देवीच्या नावाने मोडता आली, इतकेच.

झोपेतून प्रत्यक्ष युक्ती सुचते का, याची मोजणी अलीकडे होऊ लागली आहे. पॅरिसमध्ये सेलिया लाको आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १०३ जणांना एक गणिती कोडे दिले होते. त्यात उत्तराकडे झटकन नेणारा एक छुपा नियम होता. मध्ये वीस मिनिटांची विश्रांती, हातात एक वस्तू; झोप लागून ती पडली की जाग यावी अशी योजना. ही क्लृप्ती एडिसन वापरत असे सांगतात. झोपेच्या पहिल्या, उथळ टप्प्यात निदान पंधरा सेकंद गेलेल्यांपैकी ८३ टक्क्यांना नियम सापडला, जागेच राहिलेल्यांपैकी ३० टक्क्यांना. आणि जे त्यापुढच्या गाढ टप्प्यात उतरले, त्यांच्यापैकी केवळ १४ टक्क्यांना.