जोडीदाराची निवड, सुगरण पक्ष्यातील

प्रजननाच्या वेळी मादी नराची निवड करते, हे तत्त्व चार्ल्‌स डार्विन यांनी १८७१ मध्ये लैंगिक निवडीच्या विवेचनात मांडले. भारतात सुगरण (प्लोसियस फिलिपिनस) या पक्ष्यात ते स्पष्टपणे आढळून आले. सुगरण हे नाव स्त्रीलिंगी असले, तरी घरटे विणतो तो नर. मराठवाड्यात, जालना जिल्ह्याच्या परिसरातही, पावसाळ्यात विहिरीवर झुकलेल्या बाभळींना ही घरटी लोंबताना दिसतात. त्यांत पुष्कळ अर्धवट असतात. ती नराच्या विश्रांतीसाठी वा झोके घेण्यासाठी असावीत, असा पूर्वी समज होता.

सलीम अली (१८९६–१९८७) यांनी १९३० च्या पावसाळ्यात अलिबागजवळील किहीम येथे एका वसाहतीचे सतत निरीक्षण करून हा समज दूर केला. त्यांचा निबंध १९३१ मध्ये बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. नर शिरस्त्राणाच्या आकारापर्यंत घरटे विणून थांबतो. माद्या येऊन ते पारखतात. एखादीस पसंत पडले, म्हणजे ती ताबा घेते व नर अंड्यांची खोली आणि प्रवेशनळी पूर्ण करतो. मादी २ ते ४ अंडी घालून एकटीच उबविते. नर दुसरे घरटे विणून दुसरी मादी मिळवितो. नाकारलेली घरटी अपुरीच राहतात. १९३१-३२ मध्ये सलीम अलींनी हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली. सध्याचा जालना जिल्हा (स्थापना १९८१) त्या वेळी याच संस्थानात होता.

घरट्याच्या निवडीत विणीपेक्षा त्याच्या जागेला अधिक महत्त्व असते, असे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. उंच व सुरक्षित जागी अंडी व पिले वाचण्याचा संभव अधिक असतो.

अलीकडे प्राण्यांच्या व्यक्तिगत स्वभावाचाही विचार होऊ लागला आहे. एकाच जातीतील काही प्राणी धीट, तर काही बुजरे असतात आणि हा फरक बराच काळ टिकतो. झीब्रा फिंच पक्ष्यात नर-मादी मिळून पिले वाढवितात. त्यांतील समान स्वभावाच्या जोड्यांची पिले अधिक सुदृढ असतात, असे २०११ मध्ये आढळले. सुगरणीत नराचे साहाय्य मुख्यतः घरट्यापुरतेच असते; त्यामुळे जोडीचा बंध अल्पकालीन राहतो व नराची पारख प्रामुख्याने त्याच्या घरट्यावरूनच होते.